सहीशिक्क्याचा ब्लॉक

माझ्या कामाला आमच्या घरात नीट नाव नाही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून दवाखान्यात आहे," आणि शेजारणी आपापले गुडघे घेऊन माझ्याकडे यायच्या. मी नर्स नाही, डॉक्टरही नाही, मला गुडघ्यातलं काही कळत नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी माझ्या आईनंच एकदा सोपं करून टाकलं. म्हणाली, "माही पोरगी मेन कापते."

खरं तर तेवढंच आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला शरीराचा तुकडा मेणात बसवतात. त्याची आगपेटीहून लहान वडी होते. ती वडी मी यंत्रावर लावते आणि चाक फिरवत आतल्या चाकूवर तिचे केसाहून पातळ काप काढते. ते काप कोमट पाण्यावर सोडायचे, काचेवर उचलायचे, रंगवायचे आणि डॉक्टर मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. मग त्या सूक्ष्मदर्शकातून बघून रोगाचं नाव ठेवतात. बारसं त्यांचं, पाळणा माझा. त्या वडीला आम्ही सगळे ब्लॉक म्हणतो. बावीस वर्षं मी हा शब्द दिवसातून शंभरदा उच्चारत आले आणि त्याचा दुसरा काही अर्थ असेल असं एकदाही माझ्या मनात आलं नाही.

माझा स्वभाव तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. नाचणगावहून स्कूटी, पुलगावहून गाडी, वर्ध्याला उतरून ऑटो, आणि मग दिवसभर ते चाक. प्रयोगशाळेला एक छोटी खिडकी आहे. नातेवाईक तिथे येऊन विचारतात, "मॅडम, रिपोर्ट झाला का?" दहावा माणूस विचारतो तोवर माझं उत्तर मान वर न करता निघतं. रागावले की माझी भाषा थेट नाचणगावची होते. बरोबरीची मंडळी मग एकमेकांना खुणावतात, "निघाली गाडी पुलगावहून."

ही गोष्ट दोन-तीन हिवाळ्यांपूर्वीची. त्या सकाळी खरोखरच गाडीनं घात केला होता. ऐन थंडीत एक तास फलाटावर उभी. आल्यावर उशिराच्या नोंदीवरून कार्यालयातल्या बाबूशी वाजलं. त्याला बोलायचं राहिलेलं सगळं मी मनात बोलत यंत्रावर बसले आणि पहिला ब्लॉक चढवला. आत तीन कण होते, तिळाएवढे. ब्लॉक नवा असला की आधी वरचं मेण खरवडून काढावं लागतं, तुकडा वर येईपर्यंत. जाड काप घ्यायचे, पण नजर ठेवून. माझी नजर होती, पण त्या बाबूच्या तोंडावर. चाक फिरवत गेले, फिरवत गेले. थांबले तेव्हा खालच्या मेणाच्या भुग्यात पांढुरके ठिपके दिसले. तीन कणांपैकी एक अख्खा गेला होता आणि दुसरा अर्धा.

मी इकडेतिकडे बघितलं. कोणाचं लक्ष नव्हतं. ब्रश घेतला, भुगा गोळा केला आणि कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकला. उरलेल्यातून नीट काप काढले, स्लाइड छान झाल्या. माझे काप छानच होतात. मॅडम नेहमी म्हणतात की तुमच्या हाताला तोड नाही. त्या दिवशीही म्हणाल्या, आणि मी "थँक यू मॅडम" म्हणून बाहेर आले.

ते कण कोणाचे होते हे मला दोन दिवसांनी कळलं. आष्टीकडची एक मुलगी, बावीस-तेवीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. रोज पहाटे रस्त्यानं पळायची. आधी पायात मुंग्या, मग पाय घासटत चालणं, मग एक दिवस घराची पायरी उतरता येईना. एमआरआयमध्ये पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत गाठ दिसली. तिथे चाकू जरा सरकला तर पाय कायमचे जातात, म्हणून सर्जननी तपासणीपुरते कण घेतले आणि जखम शिवली. पुन्हा तिथे हात घालायची कोणाची तयारी नव्हती. म्हणजे त्या मुलीच्या गाठीचं जे काही जगात बाहेर होतं, ते माझ्याकडच्या वडीत होतं. आणि त्यातलं निम्मं मी डब्यात टाकलं होतं.

मॅडम त्या स्लाइडवर दोन दिवस बसल्या. एकदा म्हणाल्या, हळू वाढणारी साधी गाठ दिसते. एकदा म्हणाल्या, नाही, वाईट जातीचीही असू शकते, मज्जारज्जूतली गाठ फसवते. अजून एक रंग लावून मागितला. मी अगदी जीव मुठीत धरून दोन काप काढले. तेवढ्यानंही ठरेना. इकडे वॉर्डातल्या डॉक्टरांनी तिला रेडिएशनची तारीख देऊन ठेवली होती, महिनाभरानंतरची, जखम भरली की लगेच. आमच्याकडे लोक त्याला शेक म्हणतात. गाठ वाईट असेल तर शेक द्यायलाच हवा, आणि तरीही फारशी आशा नाही. गाठ साधी असेल तर त्या वयाच्या मुलीच्या पाठीला उगाच शेक द्यायचा नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. सगळं त्या नावावर अडलं होतं.

मॅडमनी मला बोलावलं. "एक तपासणी आहे. मुंबईला होते. या गाठीत दोन जनुकं एकमेकांना जोडली गेलीत का, ते बघतात. तो जोड मिळाला तर गाठ साधी, असं बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येईल. पण त्याला ऊतक लागतं. ब्लॉकमध्ये उरलंय ना काही?"

"आहे, मॅडम," मी म्हणाले.

किती आहे ते त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

नातेवाइकानं स्वतः ब्लॉक घेऊन मुंबईला जायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. त्याआधी वॉर्डातल्या डॉक्टरांचा लेखी अर्ज लागतो, सहीशिक्क्यासह, नाहीतर ब्लॉक हातात देता येत नाही. त्याच दुपारी मुलीचे वडील खिडकीशी आले. मी यंत्रावर होते. समोर कोण आहे ते मी बघितलंही नाही. मी म्हणाले, "ब्लॉकचा अर्ज आणा. सहीशिक्क्याचा. त्याशिवाय काही होणार नाही." "बरं मॅडम," असं खिडकीतून ऐकू आलं. तो गुरुवार होता.

शुक्रवारी कोणी आलं नाही. वॉर्ड जिन्याच्या वरच्या मजल्यावर, अर्ज लिहायला पाच मिनिटं. शनिवारीही नाही. सोमवारी मी वॉर्डात फोन लावला. नर्स म्हणाली, मुलगी आहे, आई आहे, वडील गावाला गेलेत. माझं डोकं सणकलं. पोरगी इथे पडलीय आणि हा माणूस गावाला जाऊन बसला! तीन आठवडे तपासणीला लागतात, तारीख तोंडावर येतेय, आणि यांना पडलेलीच नाही. दोन दिवस मी त्या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातली निम्मी शिवी माझी मलाच होती, हे तेव्हा कबूल करायची हिंमत नव्हती. दुसऱ्यावर रागावलं की आपलं पाप जरा हलकं वाटतं.

बुधवारी ते आले. पन्नाशी ओलांडलेले, वाळकेसे, पांढऱ्या शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद. तो त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीतून आत दिला. मी उलगडला. वर पंचायत समितीचं नाव, खाली गोल शिक्का, हिरव्या शाईत सही. सदर इसम हे अमुक गावचे कायम रहिवासी असून त्यांची मुलगी आजारी असल्याबाबत त्यांनी सांगितल्यावरून हा दाखला देण्यात येत आहे.

मी तो मोठ्यानं वाचला. आधी एक हसला, मग सगळी खोली. आमच्या जिल्ह्यात ब्लॉक म्हणजे पंचायत समिती. बीडीओ साहेबांचं ऑफिस. कुठलाही दाखला, कुठलीही योजना, लोक सांगतात, ब्लॉकवर जा. मीही हसले. हसता हसता पाच दिवसांचा राग वर आला आणि मी म्हणाले, "काऊन भाऊ, पोरीची गाठ काय पंचायत समितीत ठेवली हाये का?"

खोली पुन्हा हसली. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसतं म्हणाले, "मॅडम, तुमीच तं म्हनलं. ब्लॉकचा अर्ज आना, सहीशिक्क्याचा. मी आष्टीले गेलतो. शुक्रवारी अर्ज देल्ला. मधात शनवार-रविवार आला. सोमवारी साहेब दौऱ्यावर. काल भेटले. ते म्हने असा अर्ज नसते. मी म्हनलो, साहेब, दवाखान्यातल्या मॅडमनं मांगतला, काईबी लिहा पन शिक्का मारून द्या. पोरीचा सवाल हाये."

माझं वाक्य मला शब्दाला शब्द ऐकू आलं. त्या माणसानं ते एखाद्या मंत्रासारखं पाठ केलं होतं. तीन दिवस एका ओट्यावर बसून, जो अर्ज जगात नाही तो त्यानं मिळवून आणला होता. मला इतकी लाज वाटली की मी त्या कागदाची घडी घालत राहिले. खोलीत आता कोणी हसत नव्हतं.

मी बाहेर गेले. "भाऊ, चूक माझी झाली," म्हणाले, आणि त्यांना बाकावर बसवलं. स्वतः वर जाऊन वॉर्डातून अर्ज लिहून आणला. पाच मिनिटंच लागली. मग ड्रॉवरमधून ब्लॉक काढून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी आधी हात शर्टाला पुसले, मग तळहात पुढे केला. बोटांवर बारीक बारीक कापल्याच्या रेषा होत्या, जुन्या-नव्या. वडी हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले.

"याच्यात माह्या पोरीचं हाये?"

"तिच्या गाठीचा कण आहे. तो बारीकसा पांढरा."

"एवढासाक?"

एवढासाच. मी मान खाली घातली.

त्यांना तपासणी समजून घ्यायची होती. मी मॅडमकडून ऐकलेलं आपल्या भाषेत सांगायला लागले. आपल्या पेशीत जनुकं असतात, म्हणजे पेशीनं कसं वागायचं त्याच्या सूचना. त्यातलं एक पेशीला वाढ म्हणून सांगतं, पण त्याला आवर असतो, सांगायचं तेव्हाच सांगतं. कधी कधी ही जनुकं तुटतात आणि एकाचं धड दुसऱ्याच्या डोक्याला जोडलं जातं. त्या जोडाजोडीत नेमका तो आवर गळून पडतो. मग ते जनुक थांबतच नाही, वाढ, वाढ म्हणत राहतं.

"म्हंजे कलम," ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं की ते संत्र्याच्या रोपवाटिकेत कलमं बांधतात. जंभेरी म्हणजे रानटी आंबट लिंबू; त्याचं रोप खालचा खुंट. त्याची साल चिरायची आणि आत चांगल्या संत्र्याचा डोळा बसवून पट्टी बांधायची. डोळा भरणं म्हणतात त्याला. हिवाळा हाच त्याचा हंगाम, आणि त्या हंगामात ते वर्ध्याच्या बाकावर बसले होते. बोटांवरच्या रेषा त्या चाकूच्या होत्या. बावीस वर्षं मी चाकूशी काम करते, पण मघाशी ही बोटं बघून मला माझ्या बोटांची आठवण झाली नव्हती.

"पन हा डोळा कोनं भरला?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. आपोआप होतं."

"आमच्यातून तं नाई गेलं तिले? माह्याकडून, नाईतं तिच्या मायकडून?"

"नाही भाऊ. हे जन्मतः आलेलं नसतं. तिचं खाणं, पळणं, तुमचं घर, कशाचाच दोष नाही. यात कोणाचीच चूक नाही." शेवटचं वाक्य म्हणताना माझी जीभ अडखळली. त्यांच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

"अन् जोड सापडला तं?"

"सापडला तर चांगलं. म्हणजे गाठ गरीब आहे. शेक द्यावा लागणार नाही."

ते पहिल्यांदा हसले. "असं पाह्यलं नवतं मी. रोग सापडावा म्हून नवस."

ब्लॉक नेताना त्यांनी पिशवीतून ओलं गोणपाट काढलं. संत्र्याच्या डोळ्यांच्या काड्या ते अशाच ओल्या गोणपाटात गुंडाळून नेतात, नाहीतर डोळा सुकतो. मी ओरडलेच, "ओलं नको, भाऊ! आणि ऊनही नको, मेण आहे ते." मग ती वडी त्यांच्या चष्म्याच्या डबीत गेली, आणि चष्मा खिशात. त्याच दिवशी ते मुंबईला निघाले.

पुढचे तीन आठवडे माझे फार वाईट गेले. मुंबईहून "ऊतक अपुरं, तपासणी होऊ शकली नाही" असा कागद आला तर काय, एवढंच डोक्यात. असे कागद येतात, मी पाहिलेत. त्या बापानं गैरसमजानं पाच दिवस घालवले आणि सगळी खोली त्याला हसली. मी माझ्या चुकीनं त्याच्या मुलीचं सगळं घालवलं असतं, आणि मला कोणी हसणार नव्हतं, कारण कोणाला माहीतच नव्हतं. पौर्णिमेला आमच्या मोहल्ल्यातल्या विहारात बसले. खोटं बोलणार नाही हे शील सगळ्यांबरोबर म्हणायचं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेजारच्या बाईला वाटलं माझा घसा बसलाय. तिनं खडीसाखर दिली.

मुलीला या काळात रोज व्हीलचेअरवरून तळमजल्यावर व्यायामाला नेत. वाट आमच्या खिडकीवरूनच. ती बसल्या बसल्या भरतीच्या प्रश्नांचं पुस्तक वाचत असायची. एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तुमच्याचकडे हाये नं माहं मेन?" मी म्हणाले, मुंबईला गेलंय. म्हणाली, "माह्या आधी मुंबई पाह्यली त्यानं." मी हसले आणि आत जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

रेडिएशनच्या तारखेच्या तीन दिवस आधी मॅडमनी मला हाक मारली. संगणकावर अहवाल उघडा होता. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. जोड सापडला होता. जी दोन जनुकं या साध्या गाठीत जोडलेली असतात, तीच. मी स्टुलावर बसले. मग त्यांनी बोट खाली नेलं. तिथे एक ओळ होती: तपासणीसाठी मिळालेलं ऊतक अत्यल्प, निष्कर्ष जेमतेम शक्य झाला.

"थोडक्यात वाचलो," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं होतं बऱ्यापैकी असेल."

मी तिथेच सांगून टाकलं. गाडी, बाबू, चाक, पिवळा डबा, सगळं. मॅडमनी ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "त्याच दिवशी सांगितलं असतं तर भुगा डब्यातून परत काढता आला असता." हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे लहान कणांच्या ब्लॉकवर लाल ठिपका असतो आणि खरवडलेला भुगाही अहवाल येईपर्यंत जपून ठेवतात. लाल ठिपका मीच लावते.

शेक रद्द झाला. वॉर्डातल्या डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं की गाठ आत राहील, दर सहा महिन्यांनी एमआरआय करायचा, वाढली तर गोळ्या आहेत. असा सल्ला ऐकून बरेच नातेवाईक भडकतात. गाठ आहे आणि काही करायचं नाही, हे त्यांना पटत नाही. यांना ते चटकन पटलं. मला म्हणाले, "कलम लागल्यावरबी खालून जंभेरीचा फुटवा येते. त्याच्यासाठी कोनी झाड नाई तोडत. लक्ष ठेवाचं. दिसला का खुडाचा."

मुलीला सुट्टी व्हायच्या आदल्या दिवशी ते दुपारच्या जेवणाच्या वेळी आले. हातात काळ्या पिशवीतलं संत्र्याचं कलम, वीतभर उंच. "तुमच्यासाठी. तुमीच अर्ज आनून देल्ला, तुमीच मेन संभाळलं." मला ते घेववेना. मॅडमना सांगितलं होतं, पण मॅडम काही त्या मुलीच्या बाप नव्हत्या. अंगणातल्या कडुनिंबाखालच्या बाकावर आम्ही बसलो, आणि मी त्यांनाही सगळं सांगितलं. तीन कण होते, भाऊ. दीड मी वाया घालवला. उरलेल्यात जेमतेम निभावलं. तुमच्या कागदावर हसले तेव्हा हे मला माहीत होतं.

ते कलमाच्या पिशवीची गाठ सोडत होते, ती पुन्हा बांधली.

"चाकू खोल जाते कधी कधी," ते म्हणाले. "डोळ्यासंगं लाकूड येते. तो डोळा मंग लागत नाई. तीस वर्सं झाली, अजूनबी जाते."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला नं." ते म्हणाले. "पन मी कोनत्या तोंडानं बोलू? बाई, ती पहाटे पळे तवा मी सायकलीवर मांगं राहो. चार मयने ती पाय घासटून राह्यलीती. मले वाटे अंगचोरपना करते. भरती जवळ आली, अन् हे असं. मी मांगून वरडो, पाय उचल, पाय उचल. एक डाव तं पिंडरीवर काठी मारली." त्यांनी आपल्याच पोटरीला हात लावला, नेमकी जागा दाखवावी तसा. "तिच्याच्यानं उचलनंच होत नवतं. अन् तिनं एका शब्दानं नाई म्हनलं, बाबा, नाई उचलत."

"तुम्हाला काय माहीत होतं, भाऊ," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता लक्षात आलं, मला मात्र माहीत होतं. मला रडू आवरेना. ते शेजारी बसून राहिले. जेवणाची सुट्टी संपल्यावर कलम बाकावर ठेवून गेले. मी ते घरी नेलं. अजून फळ धरलेलं नाही. खालून फुटवे येतात, ते मी खुडते.

खिडकीत आता मी ब्लॉक म्हणत नाही. मान वर करून, हातात दाखवून, मेणाची वडी म्हणते. परवा एक शिकलेला माणूस म्हणाला, "म्हणजे पॅराफिन ब्लॉक ना, मॅडम?" मी म्हणाले, "हो साहेब, तोच. पण तुम्ही जाताना वाटेत पंचायत समितीत थांबू नका." तो माझ्याकडे बघतच राहिला.

बापलेक दर सहा महिन्यांनी येतात. चार एमआरआय झाले, गाठ तेवढीच आहे. डावा पाय अजून नीट पडत नाही. पोलीस भरतीचं ग्राउंड आता होणार नाही हे तिला ठाऊक आहे. ती तलाठ्याच्या परीक्षेला बसणार आहे. "मंग सगळ्याईले मीच शिक्के मारून देईन, मावशी," असं मला चिडवते.

मागच्या खेपेला मी यंत्रावर बसले होते. लाल ठिपक्याचा एक ब्लॉक नुकताच चढवला होता, तेवढ्यात बाहेरून ओळखीचा आवाज आला. उठून खिडकीशी गेले. लांबलचक वऱ्हांडा. व्हीलचेअर नव्हती. मुलगी एका हातानं भिंत धरून चालत होती, आणि ते अर्धं पाऊल मागे, दोन्ही हात तिच्या पाठीपासून चार बोटांवर धरून, स्पर्श न करता.

"पाय उचल, माय," ते हळू आवाजात म्हणत होते. "उचल. हां. आता दुसरा. पाय उचल."

"उचलून राह्यली नं, बाबा."

मी ती दोघं वळणाआड जाईपर्यंत उभी राहिले. मग परत येऊन बसले, हात पुसले आणि चाकाचा पहिला फेरा अगदी हळू घेतला.